गुलाबी बोंडअळी ‘एकदम’ येत नाही: पिढ्यांचा हिशेब

बोंडफोड्या (धागाकर्ता)

दसऱ्याच्या आगेमागे कापूस पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर पडते: “परवापर्यंत काही नव्हतं, अळी एकदम आली.” अळी एकदम येत नाही. ती जुलैअखेरपासून शेतातच असते, आपल्या नजरेत भरण्याइतकी नसते एवढेच. त्या न दिसणाऱ्या दोन महिन्यांचा हिशेब मांडावा म्हणून हा धागा.

आधी जीवनक्रम. अंडी ३ ते ६ दिवस, अळी साधारण १० ते १५ दिवस, कोष ७ ते १० दिवस. पतंग बाहेर आल्यावर मिलन आणि अंडी घालणे यात आणखी दोन-तीन दिवस जातात. उबदार हवेत अंड्यापासून अंड्यापर्यंत महिनाभर धरा. हिशेबाला ३२ दिवस घेतो.

एक मादी शंभर ते दोनशे अंडी घालते. मधला आकडा १५०. पुढचे जगण्या-मरण्याचे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक शेतात वेगळे निघतील:

अंडी १५०
त्यातली उबली ९०
बोंडात शिरून तगल्या १८
कोषात गेल्या १२
पतंग झाले १०, त्यात माद्या ५

दीडशेतली १४० पिल्ले मेली, तरी एका मादीच्या जागी पाच माद्या उभ्या राहिल्या. गुणक ५, पिढी ३२ दिवसांची, म्हणजे संख्या दर १४ दिवसांनी दुप्पट.

आता एकराचे चित्र. ९० बाय ६० सेंटिमीटरवर एकरी सुमारे ७,४०० झाडे बसतात. झाडावर २० हिरवी बोंडे धरली तर १ लाख ४८ हजार बोंडे. जुलैअखेर एकरात फक्त ४० माद्या आहेत असे समजा. प्रत्येकीच्या १८ अळ्या तगतात.

ऑगस्ट: ४० माद्या, ७२० अळ्या, अर्धा टक्का बोंडे
सप्टेंबर: २०० माद्या, ३,६०० अळ्या, २.४ टक्के
ऑक्टोबर: १,००० माद्या, १८,००० अळ्या, १२ टक्के
नोव्हेंबर: ५,००० माद्या, ९०,००० अळ्या, ६१ टक्के

(ऑगस्टमध्ये बोंडे इतकी नसतात, अळी फुलात असते, हे माहीत आहे. सोपे जावे म्हणून एकच आकडा धरलाय.) चारही महिन्यांत गुणक तोच आहे. वाढीचा दर जराही बदललेला नाही. बदलते ती फक्त आपल्याला दिसण्याची वेळ.

---

शक्यता_मामा

छान मांडलेत. यात नमुन्याची बाजू जोडतो, कारण “परवापर्यंत काही नव्हतं” हे वाक्य खोटे नसते.

शिफारस असते की एकरात फिरून २० झाडांवरचे एकेक हिरवे बोंड तोडून फोडा, आणि दोन बोंडांत जिवंत अळी निघाली, म्हणजे १० टक्के, तर आर्थिक नुकसान पातळी (जिच्यावर फवारणीचा खर्च परवडतो) गाठली समजा. आता तुमच्या सप्टेंबरच्या २.४ टक्क्यांवर २० बोंडे फोडली तर एकही अळी न सापडण्याची शक्यता ६१ टक्के येते. दहातले सहा शेतकरी प्रामाणिकपणे सांगणार, काही नाही. प्रादुर्भाव खरोखर १० टक्के असताना सुद्धा वीसही बोंडे साफ निघण्याची शक्यता १२ टक्के आहे. तेच ५० बोंडे फोडली तर अर्धा टक्का.

म्हणून २० हा आकडा किमान समजावा. बांधाकडची झाडे, मधली झाडे, वरच्या-खालच्या फांद्या असे सगळीकडून तोडायचे. लोक धुऱ्यावर उभे राहून हाताला लागतील ती बोंडे फोडतात आणि त्याला सर्वेक्षण म्हणतात.

---

डोमकळी

मामांच्या मुद्द्याला जोडून, बोंड कोणते घ्यायचे ते महत्त्वाचे. साधारण १५ ते २० दिवसांचे, बोटाने दाबल्यावर किंचित दबणारे. अगदी कोवळे घेतले तर अळी सूक्ष्म असते, डोळ्याला लागत नाही. फार निबर घेतले तर अळी भोक पाडून निघून गेलेली असते.

वरून बघून काही कळत नाही. अळी शिरते ते छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. बोंड फोडल्यावर टरफलाच्या आतल्या भिंतीवर मोहरीएवढ्या गाठी किंवा वेडीवाकडी रेघ दिसली की अळी तिथून गेली आहे. मग सरकी उलगडून बघा. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग मोठी झाल्यावर चढतो. “गुलाबी दिसली नाही म्हणजे गुलाबी बोंडअळी नाही” असे समजून बोंड फेकून देणारे पुष्कळ आहेत.

त्याआधीची खूण म्हणजे डोमकळी. फुलाच्या पाकळ्या अळीने आतून रेशमासारख्या धाग्याने बांधलेल्या असतात, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. पेरणीनंतर ४५ दिवसांपासून रोज सकाळी ओळीतून जाताना अशा कळ्या तोडून पिशवीत घ्यायच्या आणि नष्ट करायच्या. तिथेच बांधावर टाकल्या तर अळी सुखाने कोषात जाते.

बोंडफोड्या यांचे गणित घेतले तर ऑगस्टमधली एक डोमकळी नष्ट करणे म्हणजे नोव्हेंबरच्या हिशेबातून मोठा घास काढून टाकणे. तेवढ्या वेळात करता येईल असे दुसरे स्वस्त काम नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, गणित बरोबर आहे, पण मग पाचवी, सहावी पिढी धरली तर अळ्या बोंडांपेक्षा जास्त होतील ना? तसं तर होत नाही.

---

भिंगवाला

ठेचाभाऊ, नेमके बोट ठेवलेत. गुणक ५ कायम राहतो ही पहिल्या तीन-चार पिढ्यांपुरती सोय आहे. संख्या कमी असताना प्रत्येक अळीला मोकळे बोंड मिळते, म्हणून वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते. बोंडे भरत आली की एका बोंडात दोन-दोन, तीन-तीन अळ्या शिरतात, अन्न कमी पडते, गुणक ५ वरून ३, २, १ असा उतरतो. कागदावर काढलात तर आधी वर वळणारी आणि मग आडवी होत जाणारी रेघ मिळते. आडवी होते त्या उंचीला परिसराची वहनक्षमता म्हणतात.

पुस्तकात ही वहनक्षमता स्थिर रेघ दाखवतात. कपाशीत ती हलते. अळीसाठी तिचा अर्थ एकरातली एकूण बोंडे असा नाही, तर त्या आठवड्यात शिरता येण्याजोग्या वयाची हिरवी बोंडे असा आहे. ऑगस्टमध्ये ती थोडी, ऑक्टोबरात भरपूर, डिसेंबरात पुन्हा थोडी. डिसेंबरात पाणी आणि युरिया देऊन फरदड धरली (म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखले) की आपण स्वतःच ती पुन्हा वर उचलतो, तीही अळीची संख्या सर्वांत जास्त असताना.

आणखी एक. थंडी पडली, दिवस लहान झाले, बोंडे पक्व झाली की बऱ्याच अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या एकमेकींना धाग्याने जोडून त्यांच्या पोकळीत पडून राहतात. त्यांच्यासाठी ३२ दिवसांचे घड्याळ थांबते. डिसेंबरात सापळ्यात पतंग कमी झाले म्हणून अळी संपली असे नसते; ती सरकीत, पऱ्हाटीवरच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांवरच्या) नख्यांमध्ये (वाळक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत) आणि जमिनीवरच्या पाचोळ्यात असते.

---

कापूसकोंड्या

मग नोव्हेंबरात ६१ टक्के दिसल्यावर दोन जालीम फवारण्या मारल्या तर नाही का चालणार? गणितानेच सांगा.

---

बोंडफोड्या

गणितानेच सांगतो. समजा अंडी उबण्याचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आणले. गुणक ५ चा ३ होतो. चार पिढ्यांनी ६२५ ऐवजी ८१. दर पिढीला फक्त ४० टक्के घट, पण शेवटी ८७ टक्के घट.

आता उलट बाजू. काहीच केले नाही, आणि शेवटच्या पिढीवर ९० टक्के मारणारे औषध फवारले. ६२५ चे ६२ उरले. कागदावर हे ८१ पेक्षा बरे दिसते! पण तोवर आधीच्या पिढ्यांनी बोंडे खाल्लेली आहेत, कापूस कवडी (किडका, डागाळलेला) झालेला आहे. शिवाय ९० टक्के मरतात हेही कागदावरच. बोंडाच्या आत सरकीत बसलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. मरतात ते पतंग, अंडी आणि बोंडात शिरण्यापूर्वीच्या काही तासांतल्या अळ्या.

भीतीपोटी दोन-तीन औषधे एकत्र कालवून, दाट वाढलेल्या उंच कपाशीत, तोंडाला काही न बांधता फवारणी करण्याचा परिणाम २०१७ साली यवतमाळमध्ये विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले तेव्हा सगळ्यांनी पाहिला आहे. पातळी ओलांडली असेल तर फवारा, पण लेबलवर कपाशीच्या बोंडअळीसाठी लिहिलेले एकच औषध, लिहिलेल्या मात्रेत.

---

परभणीकर

अंडी उबणे कमी करायचे म्हणजे काय करायचे, ते सांगून टाकतो.

ट्रायकोकार्ड (बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक मित्रकीटकाचे कार्ड): एकरी ६०,००० परोपजीवी, म्हणजे २० हजारांची ३ कार्डे. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, संध्याकाळी. कार्ड लावल्यावर आठवडाभर रासायनिक फवारणी नको. चुकते कुठे? कार्ड दुकानात उन्हात पडून राहते आणि परोपजीवी वाटेतच बाहेर पडून मरतात. कार्ड काळपट असेल आणि अंड्यांना बारीक भोके दिसत असतील तर ते रिकामे आहे.

निंबोळी अर्क ५ टक्के: ५ किलो निंबोळी भरडून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा वेगळ्या १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळा, आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संपवा. पाते (फुलाची कळी) लागताना पहिली फवारणी.

आणि सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक नको. मित्रकीटक मरतात, पांढरी माशी भडकते. बोंडअळीसाठीसुद्धा ते जगण्याचे प्रमाण वाढवणेच झाले.

---

शक्यता_मामा

कामगंध सापळ्यांबद्दल (मादीच्या कृत्रिम गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) कोणी लिहिले नाही. पाळतीसाठी एकरी २, पतंग गोळा करायचे असतील तर ८ ते १०. पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर टांगा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. जुलैत बांधलेला सापळा सप्टेंबरात पानांत बुडालेला असतो आणि मग “पतंग कमी झाले” असे वाटते. ल्युअर (गंधाची वडी) गुलाबी बोंडअळीचीच आहे ना ते पाकिटावर बघा, तीन-चार आठवड्यांनी बदला, बदललेली तारीख सापळ्यावरच लिहा.

एका सापळ्यात रात्री सरासरी ८ पतंग, सलग ३ रात्री, ही पातळी. पण लक्षात ठेवा, यात फक्त नर येतात. हा आकडा म्हणजे शिरगणती नाही, निर्देशांक आहे. शेतात खऱ्या माद्या खूप झाल्या की ल्युअरला स्पर्धा होते आणि सापळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून एका रात्रीच्या आकड्यापेक्षा चढ बघा. रोज सकाळी मोजून सात दिवसांची सरासरी लिहायची. ती दोन आठवड्यांत दुप्पट होत असेल तर बोंडफोड्या यांच्या तक्त्यावरच गाडी आहे.

---

कापूसकोंड्या

हे सगळं ठीक. पण बीटी बियाणं (झाडातच अळीला मारणारं विष तयार करणारं जनुक घातलेलं) घेतलंय ना? मग अळी मरायला हवी. सुरुवातीला मरत होती. आता का मरत नाही?

---

भिंगवाला

कारण पहिल्या काही वर्षांतली अळी आणि आजची अळी यांची जनुकीय घडण सारखी नाही. भारतात २००२ मध्ये एका जनुकाची बीटी कपाशी (क्राय१एसी) आली, २००६ मध्ये दोन जनुकांची (क्राय१एसी आणि क्राय२एबी), जिला आपण बीजी-२ म्हणतो. गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. नंतर दुसऱ्यालाही, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बीजी-२ कपाशीवरही अळीचा जो मोठा हल्ला झाला तो सर्वांना ठाऊक आहे.

यात कुठलीही अळी “सवय करून घेत” नाही. विषाची सवय होत नसते. आधीपासून विरळ असलेले प्रतिकारक जनुक मागे उरते, बाकीचे मरतात. हिशेब असा:

प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती. प्रतिकारक प्रत १०० मागे १ आहे असे समजा, आणि तगून राहायला दोन्ही प्रती प्रतिकारक लागतात. मग पूर्ण प्रतिकारक अळी १०,००० मागे १. एक प्रत असलेली मात्र ५० मागे १, आणि ती बीटीवर मरते.

१० लाख अळ्या निव्वळ बीटीवर: १०० वाचतात, सगळ्या पूर्ण प्रतिकारक. त्यांचे मिलन एकमेकांतच. पुढची पिढी शंभर टक्के प्रतिकारक. एका पिढीत १ टक्क्यावरून १००.

आता २० टक्के क्षेत्र बिगरबीटी ठेवले (यालाच आश्रय पीक किंवा आश्रय क्षेत्र म्हणतात). बीटीवरच्या ८ लाखांतून ८० वाचतात. बिगरबीटीवरच्या २ लाख सगळ्या जगल्या असे धरा, त्या जवळपास सगळ्या संवेदनशील, म्हणजे बीटीने मरणाऱ्या. त्या ८० जणींना जोडीदार मिळणार तो या दोन लाखांतला. पिल्ले एकाच प्रतीची, ती बीटीवर मरतात. प्रतिकारक प्रतीचे प्रमाण १ टक्क्यावरून १.०४ टक्के होते. फरक बघा: एकीकडे १००, दुसरीकडे १.०४.

प्रत्यक्षात शेजारच्या शेतातून पतंग येतात, दोन जनुके असतात, त्यामुळे एका पिढीत होणारे काम काही वर्षांत झाले. दिशा तीच.

---

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत जी १२० ग्रॅमची बिगरबीटीची पुडी यायची, ती यासाठी होती. लोक ती धुऱ्यावर फेकून देत.

---

परभणीकर

फेकणाऱ्यांवरच सगळे खापर फोडू नका. पुडीतल्या बियाण्याची उगवण नीट नसायची, फुलोऱ्याचा काळ मुख्य पिकाशी जुळत नसे. जुळला नाही तर त्या पतंगांचे त्या ८० जणींशी मिलन होणार कसे? काही पाकिटांत आश्रय पीक म्हणून तूर दिली गेली. अमेरिकन बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो सगळे चालते, तिच्यासाठी अख्खा महाराष्ट्रच आश्रय पीक आहे. ती बीटीला इतक्या लवकर हाताबाहेर न जाण्यामागे हेही एक कारण. गुलाबीला आपल्याकडे जवळजवळ कापूसच लागतो. तिच्यासाठी तूर असून नसल्यासारखी. नंतर ५ टक्के बिगरबीटी बियाणे पाकिटातच मिसळून द्यायला सुरुवात झाली, त्यामुळे फेकण्याचा प्रश्न मिटला. पण प्रतिकारक अळ्या पसरून झाल्यावर.

---

डोमकळी

आपल्याकडे एक वेगळी भानगड आहे, ती संकराची. आपले बीटी वाण संकरित. झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत. झाड बीटी असते, पण त्याच्या बोंडातली सरकी पुढची पिढी असते, तिच्यात जनुके विभागली जातात. दोन स्वतंत्र जनुके धरली तर १६ सरक्यांत ९ मध्ये दोन्ही, ६ मध्ये एकेक, आणि १ मध्ये एकही नाही. गुलाबी बोंडअळी खाते काय? सरकी. एका बोंडात तिला पूर्ण विषारी, अर्धी आणि बिनविषारी अशी सगळी ताटे शेजारी-शेजारी मिळतात. एकच प्रत असलेली अळी, जी मरायला हवी, ती इथे तग धरू शकते. भिंगवाला यांचा हिशेब “एक प्रतवाली मरते” यावर उभा आहे. ते गृहीतक इथे डळमळते.

चीनमध्ये यांग्त्से खोऱ्यात दुसऱ्या पिढीचे संकरित बियाणे वापरले गेले. त्यात चौथा हिस्सा झाडेच बिगरबीटी निघतात. तिथे २०१० पर्यंत वाढत गेलेला प्रतिकार त्यानंतर मागे हटला. मिसळ झाडागणिक झाली तर आश्रय बनते, सरकीगणिक झाली तर अळीची शिकवणी.

---

शक्यता_मामा

संख्या शून्यावर नेता येते का, याचेही उत्तर आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि लगतच्या उत्तर मेक्सिकोत नेली. ॲरिझोनात १९९६ पासून बीटी होती आणि आश्रय क्षेत्र काटेकोर पाळले गेले. २००६ पासून विमानातून वंध्य पतंग सोडले. कीटकशाळेत त्यांना रंग घातलेले खाद्य देत, म्हणजे सापळ्यातला पतंग चिरडला की आपला की रानटी ते लगेच कळे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून अळीचे निर्मूलन जाहीर झाले.

गणित: १,००० रानटी, ९,००० वंध्य. फलदायी मिलन दहात एक. गुणक ५ वरून ०.५ झाला, पुढची पिढी ५००. वंध्य पुन्हा ९,००० सोडले, आता प्रमाण १८ ला १. पुढची १३२. मग १०. फवारणीच्या उलट, संख्या घटेल तसा हा उपाय जास्त जोर धरतो. मिलनात अडथळा आणणाऱ्या गंधदोऱ्यांचेही तसेच, पतंग विरळ असताना लावल्या तरच उपयोग. आणि गावातल्या सलग क्षेत्रावर, एकट्याच्या दोन एकरांत नाही. शेजारच्या शेतात मिलन उरकून मादी उडत येते.

---

खानदेशी

सुरुवातीच्या ४० माद्यांवर कोणी बोलले नाही, आणि सगळ्यात स्वस्त तर तेच आहे. मे-जूनमध्ये सुप्तावस्थेतून पतंग बाहेर पडतात. शेतात पातेच नसेल तर ते अंडी वाया घालवून मरतात. मेमध्ये ठिबकवर पूर्वहंगामी लागवड केली की त्यांना नेमका पाट मांडून ठेवल्यासारखे होते, आणि पूर्ण एक पिढी जादा मिळते. एक पिढी जादा म्हणजे सगळे आकडे गुणिले ५. म्हणून १ जूनआधी लागवड नको.

---

वऱ्हाडी_ठेचा

आणि पऱ्हाटी? लोक सरपण म्हणून घराजवळ गंजी लावतात, ती पावसाळ्यापर्यंत राहते.

---

परभणीकर

डिसेंबरअखेर पीक संपवायचे. आधी जनावरे, शेळ्या-मेंढ्या चारायच्या, त्या उरलेली हिरवी बोंडे खातात. मग पऱ्हाटी श्रेडरने कुट्टी करून जमिनीत गाडायची, आणि खोल नांगरट. सरपणाला ठेवायचीच असेल तर नख्या झटकून घ्या आणि एप्रिलपर्यंत जाळून संपवा.

घरात साठवलेली कवडी आधी विका. जिनिंगच्या आवारात आणि सरकीच्या गोदामात एप्रिल ते जुलै कामगंध सापळे लावून ठेवायचे, कारण गावातले पहिले पतंग बहुतेक तिथूनच निघतात. सापळा दाराजवळ, दिव्यापासून लांब, आणि आठवड्याला रिकामा करायचा. भरलेल्या पिशवीत पुढचे पतंग मोजता येत नाहीत.